कामकऱ्यांच्या पंगतीत

मध्य इटलीतल्या उंब्रियाच्या खेड्यापाड्यांत थोडक्या पैशांत पोटभर आणि चवीचं जेवायचं असेल, तर आधी घड्याळ पाळायला हवं. साडेबारा ते दोन. एवढ्या वेळात अख्खं गाव जेवून घेतं. एक वाजला की किराणा दुकानाचं शटर खाली येतं, ते चार-साडेचारच्या आधी वर जात नाही. बेकरी, खाटीक, हार्डवेअर, सगळं बंद. अडीच वाजता भूक लागली म्हणून गावात उतरलात तर चौकातला बार, म्हणजे इथलं कॉफीचं दुकान, तेवढा उघडा असतो आणि तिथे सकाळपासून काचेमागे ठेवलेलं सँडविच मिळतं. इटलीत खाणं महाग पडलं असं सांगणाऱ्यांशी बोलताना मी आता पहिल्यांदा हेच विचारते, की तुम्ही जेवलात किती वाजता?

आम्ही दोघं राहत होतो टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, उंबेर्तिदे गावाच्या बाहेर, एका जुन्या शेतघराच्या माडीवर. रोमला जाणारी हीच ती टायबर, फक्त इथे लहान आहे, काठाने तंबाखू आणि सूर्यफुलाची शेतं आहेत, आणि दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर एकेक गाव बसलेलं आहे. बजेट ठरलेलं होतं. एक वेळ बाहेर, एक वेळ घरी, आणि दोघांचं मिळून दिवसाला चाळीस युरोंच्या आत. रोम किंवा फ्लॉरेन्सच्या देवळांसमोरच्या हॉटेलांत हे जमलं नसतं. इथे जमलं, आणि पोटाला चिमटा घेऊन नव्हे. त्या खोऱ्यात आम्ही जितकं चांगलं जेवलो, तितकं पैसे सैल सोडूनही शहरात जेवलो नव्हतो.

खोऱ्यातून ई-४५ नावाचा हमरस्ता जातो. त्याच्या फाट्यांवर, कारखान्यांच्या वसाहतींच्या कडेला, बाहेरून अगदी साधी दिसणारी जेवणघरं आहेत. दारावर 'प्रांत्झो दि लावोरो' अशी पाटी असते, म्हणजे कामावरच्या माणसांचं दुपारचं जेवण. सोमवार ते शुक्रवार, फक्त दुपारी. तेरा ते पंधरा युरोंत पहिलं ताट म्हणजे पास्ता किंवा सूप, दुसरं ताट म्हणजे मांस किंवा मासे, सोबतची भाजी, पाव, पाणी, पाव लिटर वाइन आणि शेवटी कॉफी. बसण्याचे म्हणून जे दोन-अडीच युरो एरवी बिलात वेगळे लागतात, तेही यातच. टिप कुणी ठेवत नाही, कुणी अपेक्षाही करत नाही. आवारात पांढऱ्या मालवाहू व्हॅन किती उभ्या आहेत ते पाहायचं आणि आत शिरायचं.

आत मेन्यूकार्ड नसतं. एक बाई येतात, टेबलावर कागद अंथरतात आणि आज काय काय आहे ते एका दमात सांगतात. गुरुवारी बऱ्याच ठिकाणी न्योकी, म्हणजे बटाट्याचे छोटे उकडलेले गोळे, शुक्रवारी मासे किंवा खारवलेल्या कॉड माशाबरोबर छोले. आमच्या शेजारच्या टेबलावर रस्त्याच्या कामावरचे चौघं नारिंगी जॅकेटं खुर्चीच्या पाठीला अडकवून बसलेले. पास्ता आला तसे गप्प झाले. मग उकडलेल्या हिरव्या भाजीवर एकाने तेलाची बाटली उलटी धरली. थेंब थेंब नाही, सरळ धार. दुसऱ्याने पाव मोडून ताटातला रस्सा टिपला, ताट लखलखीत केलं, तेच ताट पुढच्या वाढपासाठी पुढे सरकवलं. पाऊण तासात कॉफी पिऊन उठलेसुद्धा. त्या टेबलावर जे आलं तेच आमच्या टेबलावर आलं, त्याच भांड्यातलं. आम्ही परके आहोत म्हणून वेगळा भाव नाही आणि वेगळं पातेलंही नाही. मला याचं फार अप्रूप वाटलं.

मी मांस खात नाही. माझ्यासारख्यांसाठी सांगते. दुसरं ताट सोडून द्यायचं आणि त्याऐवजी दोन भाज्या मागायच्या. कुणी हरकत घेत नाही, पुष्कळदा पैसेही कमी लावतात. पण 'मांस नको' एवढं म्हणून भागत नाही. डुकराची चरबी आणि खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे फोडणीत सहज पडतात, आणि त्याला मांस म्हणायची इथे पद्धत नाही. डाळीच्या सूपमध्येसुद्धा असू शकतात. म्हणून 'चरबी आहे का, हॅम आहे का' असं नाव घेऊन विचारायचं. विचारल्याचा कुणाला राग येत नाही. एकदा तर वाढणाऱ्या बाई आत जाऊन स्वयंपाकघरात विचारून आल्या आणि म्हणाल्या, "हे नको, तुम्ही टोमॅटोचा पास्ता घ्या."

घरच्या जेवणाचा बाजार गावातल्या 'आलिमेंतारी'तून. म्हणजे किराणा, पण काचेच्या कपाटामागे चीज, हॅम, ऑलिव्ह, मुरवलेल्या भाज्या. इथे भाव किलोचा लिहिलेला असला तरी मागणी 'एत्तो'त करतात. एक एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. पन्नास ग्रॅम मागितलं तरी दुकानदार तेवढंच, आणि तितक्याच निगुतीने, कापून कागदात बांधतो. सँडविच हवं असेल तर ते तुमच्यासमोर बनतं. पाव निवडायचा, त्यात मेंढीचं पेकोरिनो चीज किती ते सांगायचं, आणि पैसे पावाचे नि चीजच्या वजनाचे. दोघांची दुपार सात-आठ युरोंत होते. आठवडी बाजाराच्या दिवशी त्यात टोमॅटो, पीच, काकडी जमेस धरायची.

पाव मात्र पहिल्या घासाला चुकल्यासारखा वाटतो. तो अळणी असतो. मुद्दाम, पिढ्यान्‌पिढ्या. उंब्रियात त्यामागे एक कहाणी सांगतात. १५४० मध्ये पोप पॉल तिसरे यांनी मिठावरचा कर वाढवला, पेरूजा शहराने बंड केलं, बंड मोडलं गेलं, आणि पोपने शहराच्या छाताडावर रोक्का पाओलिना हा किल्ला बांधला. बंड खरं, किल्ला खरा. तेव्हापासून लोकांनी चिडून पावात मीठ घालणं सोडलं, हा भाग मात्र इतिहासकार फारसा धरत नाहीत. शेजारच्या टस्कनीतही पाव अळणीच आहे, आणि तिथे ते बंड झालं नव्हतं. मला कारण पावाबरोबर जे खातात त्यात दिसतं. हॅम खारट, पेकोरिनो खारट, ऑलिव्ह खारट. त्या सगळ्याखाली पावाने गप्प राहायचं असतं.

आणि हा पाव शिळा झाला की त्याची किंमत वाढते. तीन दिवसांचा, दगडासारखा झालेला पाव पाण्यात थोडं व्हिनेगर घालून भिजवायचा, दोन्ही हातांनी घट्ट पिळायचा आणि कुस्करायचा. त्यात लाल कांदा, काकडी, टोमॅटो, तुळशीच्या जातीतली ती गोडसर बेझिल, मीठ, आणि भरपूर तेल. तासभर तसाच ठेवायचा. याला पांझानेल्ला म्हणतात. जुलैच्या उकाड्यात, चूल पेटवायची इच्छा नसताना, आम्ही आठवड्यातून दोनदा तरी तेच जेवायचो. ताज्या पावाची पांझानेल्ला होत नाही, लगदा होतो. शिळंच हवं.

आमच्या घरमालकीण ऐंशीच्या पुढच्या. खाली एकट्या राहायच्या. त्यांनी आम्हाला एक दिवस स्वयंपाकघरात बोलावलं, ते तोर्ता आल तेस्तो दाखवायला. ही उंब्रियाची भाकर. चित्ता दि कास्तेल्लोकडे तिला च्याच्चा म्हणतात, गुब्बिओकडे क्रेश्चा. पीठ गव्हाचं, पाणी, मीठ, चिमूटभर सोडा, थोडं तेल. यीस्ट नाही, फुगायला ठेवणं नाही. 'तेस्तो' म्हणजे जाड गोल तवा. पूर्वी तो दगडाचा किंवा मातीत खडी कालवून केलेला असे, आता बिडाचा किंवा सिमेंटचा मिळतो. त्यांचा तवा चुलीतल्या निखाऱ्यांवर तापत होता. त्यांनी त्यावर चिमूटभर पीठ भुरभुरलं आणि थांबल्या. पीठ लगेच काळं पडलं. त्यांनी मान हलवली, फडक्याने पुसून काढलं, तवा निखाऱ्यांवरून थोडा बाजूला ओढला. पुन्हा पीठ. या वेळी ते सावकाश बदामी झालं. मग बोटभर जाडीची ती गोल भाकर तव्यावर टाकली, काट्याने जागोजाग टोचली. माझी आजी तव्यावर पाण्याचा शिपका मारून जशी कान देऊन ऐकायची, तसंच त्यांचं त्या पिठाकडे लक्ष होतं.

दोन्ही बाजू भाजून झाल्यावर भाकर उभी करून कडा शेकल्या. मग तिचे चौकोन न करता पाचरी केल्या, प्रत्येक पाचर मधोमध चिरली आणि आत भाजी भरली. भाजी म्हणजे रानातली. सकाळी बांधावरून खुडलेली रानचिकोरी, पॉपीची कोवळी पानं, बोराज. उकडून, पिळून, लसणावर परतलेली. त्यांनी स्वतःच्या पाचरीत सॉसेज घातलं, माझ्यात पातळ ओलं चीज.

"पैसे पडले ते फक्त पिठाचे," त्या म्हणाल्या. "भाजी देवाची, लाकूड माझं."

मग त्या बोलत राहिल्या. माझं इटालियन कामचलाऊ, पण त्या थांबून थांबून सांगत होत्या. त्यांचे वडील मेत्झाद्रो होते, अर्धेलीने जमीन कसणारे. घर मालकाचं, जमीन मालकाची, कष्ट सगळ्या कुटुंबाचे, आणि पिकाचा निम्मा वाटा मालकाकडे. गव्हाचा निम्मा, वाइनचा निम्मा, तेलाचा निम्मा. वर सणासुदीला कोंबडे आणि अंडी द्यायची ती वेगळी. मध्य इटलीत ही पद्धत शतकानुशतकं चालली. नवे करार करायला १९६४ च्या कायद्याने मनाई केली आणि उरलेल्या करारांचं खंडात, म्हणजे जमिनीच्या भाड्यात, रूपांतर करण्याची वाट १९८२ च्या कायद्याने मोकळी केली. म्हणजे हे फार जुनं नाही. आमच्यासमोर भाकर भाजत बसलेल्या बाईच्या लहानपणी रोज संध्याकाळी हेच होतं.

हे ऐकल्यावर इथलं प्रत्येक ताट मला निराळं दिसायला लागलं. शिळा पाव टाकायचा नाही, कारण गव्हाचा निम्मा वाटा आधीच गेलेला. बांधावरची भाजी खायची, कारण ती मोजली जात नाही. डाळी आणि शेंगा जास्त, कारण मांस विकायला. डुक्कर कापलं तर शेपटीपासून रक्तापर्यंत काही वाया घालवायचं नाही. आज ज्याला 'कुचिना पोवेरा', गरिबांचा स्वयंपाक, म्हणून जगभर मान मिळतो, ते सगळं त्या निम्म्या वाट्यातून आलेलं आहे. चार जिनसांत चव आणायची तर त्या चार जिनसा उत्तम असाव्या लागतात आणि हात तयार असावा लागतो. तो हात त्या बायकांनी तयार केला.

म्हणून पेरूजाच्या मध्यवस्तीत एका हॉटेलच्या फळ्यावर पाव-टोमॅटोच्या सूपला अठरा युरो लावलेले पाहिले तेव्हा माझ्या जिवाला लागलं. कुणी चांगलं शिजवून चार पैसे कमवावेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हे जेवण ज्यांनी घडवलं त्यांच्यासारख्या माणसांना ते परवडू नये, हे मला पटत नाही. घरांचंही तसंच झालं. साठच्या-सत्तरच्या दशकात कुळं शहरांतल्या कारखान्यांकडे गेली, शेतघरं ओस पडली, छपरं कोसळली. पुढे इंग्रज, जर्मन, डच लोकांनी ती विकत घेऊन डागडुजी केली आणि आज त्यांतली काही आठवड्याला हजारो युरो भाड्याने जातात. घरं वाचली हे चांगलंच झालं. पण १९८५ च्या कायद्याने शेतकऱ्यांना स्वतःच्या शेतावर पाहुणे ठेवायची रीतसर वाट करून दिली, त्या 'आग्रितुरिस्मो'त राहिलात तर पैसा कसणाऱ्याच्या घरात जातो. जेवणही त्यांच्या शेतातलं. रात्रीचं ठरावीक जेवण पंचवीस-तीस युरोंचं असतं. ते रोज नाही, पण एखाद्या संध्याकाळी जरूर घ्यावं.

आता डाळींबद्दल, कारण माझा जीव तिथे जास्त अडकला. उंब्रियाची कास्तेल्लुच्चोची मसूर प्रसिद्ध आहे, डोंगरातल्या पठारावर पिकते, बारीक असते, भिजवायला लागत नाही आणि महाग असते. त्राझिमेनो सरोवराकाठची फाजोलिना म्हणजे आपल्या चवळीची धाकटी बहीण. तीही स्वस्त नाही, कारण शेंगा एकदम पिकत नाहीत आणि हाताने पुन्हा पुन्हा तोडाव्या लागतात. पण चित्ता दि कास्तेल्लोच्या बाजारात, छोल्यांच्या पिशव्यांच्या शेजारी, वेड्यावाकड्या, चपट्या, दगडाच्या कपच्यांसारख्या दाण्यांची एक पिशवी होती. वर लिहिलं होतं 'चिचेर्किया'. मी हातात घेऊन पाहिली आणि तिथेच उभी राहिले. ही लाखोळी होती.

आम्ही भंडाऱ्याकडचे. आमच्याकडे धान उभं असतानाच, बांधीतलं पाणी ओसरलं की ओल्या चिखलात लाखोळी फेकतात. उतेरा म्हणतात त्याला. नांगरट नाही, खत नाही, धान कापून झालं की खाली लाखोळी हिरवीगार उभी असते. कोवळ्या पाल्याची भाजी करतात, वाळवून ठेवतात, डाळ होते. पण ही डाळ बदनाम झाली. दुष्काळात दुसरं काहीच नसताना महिनोन्‌महिने नुसती हीच खाल्ली, तर तिच्यातल्या विषारी घटकाने पाय लुळे पडतात. १९६१ मध्ये खाद्यभेसळीच्या नियमांखाली तिच्या विक्रीवर बंदी आली. लावणारे लावत राहिले, खाणारे खात राहिले, पण डाळीचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही असं होऊन बसलं. माझ्या लहानपणी पाहुणे आले की ती भाजी ताटातून गायब व्हायची.

इथे ती उजळ माथ्याने बाजारात होती. विकणाऱ्या बाईंनी कसं करायचं ते सांगितलं, आणि सांगताना बोटावर मोजून बजावलं. रात्रभर भिजवायची, शक्य तर पूर्ण दिवस. पाणी दोन-तीनदा बदलायचं, आणि भिजवलेलं पाणी कधीही स्वयंपाकात घ्यायचं नाही. विष पाण्यात उतरतं, ते पाण्याबरोबर टाकून द्यायचं. आणि कधीमधी खायची, रोज नाही. म्हणजे धोका त्यांनाही माहीत होता. त्यांनी धोक्याबरोबर पदार्थही सांभाळला होता. मी ती त्यांच्या सांगण्याप्रमाणे केली. लसूण, रोझमेरीची काडी, एक टोमॅटो, मंद आचेवर बराच वेळ, वरून कच्चं तेल. वाटाणा आणि छोले यांच्या मधली ती चव. खाली अळणी पावाची भाजलेली फोड. तीन-चार युरोंच्या पिशवीत आमची कितीतरी जेवणं झाली. आईला फोनवर सांगितलं तर तिने आधी विचारलं, "लोकांसमोर खातात?" मी म्हटलं, "अगं, हॉटेलात मागवून खातात."

या खोऱ्याशी मराठी माणसाचं आणखी एक नातं आहे आणि ते मला तिथे गेल्यावर पुरतं समजलं. १९४४ च्या उन्हाळ्यात दहावी भारतीय डिव्हिजन या टायबरच्या कडेकडेने जर्मन फौजांशी लढत उत्तरेला सरकत होती. १० जुलै १९४४ ला मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे याच वरच्या खोऱ्यात पडले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, पळसगावचे, वय बावीस. मशिनगनच्या माऱ्यात सोबतचे सगळे ठार किंवा जखमी झाल्यावर ते एकटेच त्या मशिनगनवर धावून गेले. काडतुसांचं मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा बंदुकीच्या दस्त्याने लढले, आणि मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर नाही, नाव दक्षिणेला कासिनोच्या स्मारकावर आहे. मोंतोने या टेकडीवरच्या गावाने २०२३ च्या जुलैमध्ये त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. 'आपण सारे एकाच सूर्याखाली', असं त्यावरचं लॅटिन वचन सांगतं.

मोंतोने उंबेर्तिदेपासून जवळ आहे. आम्ही गेलो तेव्हा पिशवीत पाव, पेकोरिनो आणि टोमॅटो होते. स्मारकापाशी थांबलो, मग गावाच्या तटावर बसून खाल्लं. खाली सगळं खोरं दिसतं. त्या वर्षी खाली राहणारे लोक अर्धेलीवर कसणारे, आणि चढण चढणारे सैनिक कोकणातले, देशावरचे शेतकऱ्यांचे मुलगे. दोन्हीकडच्या घरांत ताटात काय होतं याचा मी तिथे बराच वेळ विचार केला. नाचणी आणि कुळीथ एकीकडे, छोले आणि शिळा पाव दुसरीकडे.

उन्हाळ्यात संध्याकाळी जेवायचं असेल तर 'साग्रा' शोधावी. रस्त्याच्या कडेला, विजेच्या खांबांवर, बेकरीच्या दारावर रंगीत पोस्टरं लागतात. एकेका गावाची एकेका पदार्थाची जत्रा. कुठे कांदा, कुठे हंसाच्या मांसाचा पास्ता, कुठे गोगलगाई. गावातली स्वयंसेवी मंडळी, तिला प्रो लोको म्हणतात, सगळं चालवते. आधी खिडकीवर रांग लावायची, छापील कागदावर हव्या त्या पदार्थासमोर आकडा लिहायचा, पैसे भरायचे, टेबलाचा नंबर सांगायचा. मग लांबच लांब बाकांवर अनोळखी माणसांच्या खांद्याला खांदा लावून बसायचं. वाढायला गावची शाळकरी पोरं, घामाघूम, हातात चार-चार ताटं. स्वयंपाकघराच्या तंबूत सकाळपासून पीठ लाटणाऱ्या आज्या. पास्ता सात-आठ युरो. नफा गावाच्याच कामाला जातो. जेवण झालं की अकॉर्डियन वाजतं आणि म्हातारी जोडपी नाचतात.

सगळ्याच साग्रा चांगल्या असतात असं नाही. ज्या पदार्थाचं गावाशी काहीच नातं नाही, त्याच्या नावाची साग्रा मी टाळते. समुद्र शंभर किलोमीटरवर असताना तळलेल्या माशांची साग्रा असली, तर मासा फ्रीझरमधला. पण कान्नारा गावची सप्टेंबरमधली कांद्याची जत्रा पाहा. तिथला कांदा लाल, चपटा, गोड, तिथल्याच मातीतला. अख्खं गाव कांद्याच्या वासात बुडालेलं असतं, आणि सूपपासून केकपर्यंत सगळ्यात कांदा. मी कांद्याचं जेवण जेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.

वाइनबद्दल थोडक्यात. बाटली घ्यायची गरज नाही. सहकारी वाइनरीत सुटी वाइन मिळते. आपला कॅन न्यायचा, पेट्रोल पंपासारख्या नळीने तो भरून देतात, लिटरला दोन-तीन युरो. घेणारे सगळे गावातलेच. कॉफी नेहमी उभ्याने प्यायची. काउंटरवर सव्वा-दीड युरो, टेबलावर बसलात की भाव चढतो. पाणी पिण्याचे सार्वजनिक नळ गावोगाव आहेत, बाटली भरून घ्यायची.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना सांगायला हवं, की खेड्यांत बस कमी, रविवारी बहुतेक नाहीच. अशा वेळी टेकडीवरचं सुंदर गाव सोडून खोऱ्यातलं साधं गाव निवडावं. तिथे बाजार भरतो, बेकरी असते, कामकऱ्यांची जेवणघरं पायी गाठता येतात. आणि ऋतूशी भांडू नये. एप्रिलमध्ये रानातली शतावरी, जुलैत टोमॅटो, सप्टेंबरात अंजिरं, ऑक्टोबरात चेस्टनट. डिसेंबरात टोमॅटो मागितला तर मिळेल, पण दुप्पट पैसे देऊन अर्धी चव.

पैसे सैल सोडायचेच असतील तर ते तेलावर. माझं हे मत कुणी बदलू शकणार नाही. उंब्रियात ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होते, नोव्हेंबरात घाणे रात्रंदिवस चालतात. त्या दिवसांत बरेच घाणे लोकांसाठी दारं उघडतात. आत गेलं की एका कोपऱ्यात शेगडी असते, तिच्यावर पावाच्या फोडी भाजत असतात, त्यावर लसणाची पाकळी घासून तासाभरापूर्वी निघालेलं तेल ओतून हातात देतात. ते तेल हिरवं, गढूळ, आणि घशाशी मिरीसारखं झोंबणारं. लिटरला बारा-पंधरा युरो, कुठे त्याहून जास्त. सुपरमार्केटमधल्या बाटलीच्या दुप्पट-तिप्पट. पण छोल्यांच्या सूपवर, उकडलेल्या पालेभाजीवर, लाखोळीवर, शिळ्या पावावर जे काही वरून पडतं ते हेच. बाकी सगळं इतकं स्वस्त, की तिथे वाचलेले पैसे इथे घालणं मला रास्त वाटतं. आम्ही पाच लिटरचा डबा घेतला. घाण्यावरच्या माणसाने झाकण घट्ट लावताना सांगितलं, "उजेडात ठेवू नका, आणि वर्षाच्या आत संपवा. जपून ठेवायची वस्तू नाही ही."